सव्वा किलोचा सत्कार

नवनाथच्या कंपनीत पंचवीस वर्षं टिकलेल्या माणसाला दोन गोष्टी मिळतात. बायकोसकट एक सहल आणि एक वस्तू. वस्तू सगळ्यांना सारखीच. पूर्वी ज्याला जे हवं ते देत. पण एका वर्षी एकाने शिलाई मशीन घेतलं आणि दुसऱ्याने घड्याळ. मग घड्याळवाल्याच्या बायकोने हळदीकुंकवात मशीनवाल्याच्या बायकोशी बोलणं टाकलं, आणि ते प्रकरण मिटवायला संघटनेला एक अख्खी मीटिंग खर्ची घालावी लागली. तेव्हापासून कमिटी ठरवते आणि सगळे गपगुमान घेतात.

कंपनी आधी भोसरीला होती, मग कुरुळीला गेली. पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढते. यंदा पंचविशी गाठलेले अकरा जण होते. सहल सिक्कीमला ठरली. एवढं बर्फाचे डोंगर बघायला जायचं तर वस्तू म्हणून कॅमेराच घ्यावा, असं कुणीतरी सुचवलं आणि सगळ्यांना पटलं. ते कुणीतरी म्हणजे नवनाथ.

त्याला कारण होतं. चौदा वर्षांपूर्वी प्रेसने त्याच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं नेली. अंगठा आणि करंगळी ठेवली. पिशवी अडकवायला तेवढं पुरतं. प्रेसवरून त्याला क्वालिटीत आणून बसवलं आणि काम दिलं बाद मालाचे फोटो काढायचं. चीर गेलेला ब्रॅकेट, कड वाकलेलं झाकण, चुकीच्या जागी पडलेलं भोक. कंपनीच्या तळहाताएवढ्या कॅमेऱ्यावर नवनाथ हे सगळं शिकला. चीर तिरप्या उजेडात दिसते, समोरून लपते. त्याचे फोटो बघून ग्राहक कंपन्यांचे इंजिनियर माना डोलवत आणि माल परत पाठवत.

पण चौदा वर्षं माणसाने नुसते दोष टिपायचे म्हणजे किती? एकदा तरी काहीतरी बिनदोष टिपावं असं त्याला वाटत होतं. पहाटेचं कांचनजंगा, आणि त्याच्यापुढे अंजली.

"माझा फोटो काढताना तरी दोष शोधू नका म्हणजे झालं," अंजली म्हणाली. आष्टीहून लग्न होऊन काळेवाडीत आली, त्याला तेवीस वर्षं झाली होती. डोंगर म्हणून तिने एक भंडाऱ्याचा डोंगर पाहिला होता, तोही देहूला जाताना बसमधून.

काळेवाडीतच सुजितचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट. नवनाथने त्याच्याकडे जाऊन दोन्ही जातीचे कॅमेरे हाताळले. जुना, भारी, आत आरसा असलेला डीएसएलआर. आणि नवा, आरसा काढून टाकलेला, हलका मिररलेस.

"लग्नात मी जडच वापरतो," सुजित म्हणाला. "जड कॅमेरा बघितला की पाहुणे पोट आत घेतात. बॅटरी दिवसभर पुरते, पडला-आपटला तरी चालतो. पण फिरायला विचाराल काका, तर हलका. डोंगरावर मरणाची थंडी, त्यात चढ. जड वाला दोन दिवस गळ्यात, मग बायकोच्या पर्समध्ये, मग हॉटेलच्या कपाटात."

"आणि माझ्या हाताला?"

सुजितने त्या हाताकडे पाहिलं आणि विनोद बंद केले. "जड वाल्याला डावा हात लेन्सखाली लागतोच. नाहीतर हलतो. हा हलका तुम्ही एकट्या उजव्या हातावर घ्याल. पडद्यावर बघा, दाबा, संपलं."

नवनाथ मापाचा माणूस. शब्दावर विश्वास ठेवणं त्याच्या खात्यात बसत नव्हतं. दोन्ही कॅमेरे घेऊन तो शेजारच्या किराणा दुकानात गेला आणि साबुदाण्याच्या पुड्या बाजूला सारून काट्यावर ठेवले. लेन्ससकट हलका भरला पाचशे दहा ग्रॅम. जड भरला सव्वा किलो.

"सव्वा किलोत काय काय येतं बघा," दुकानदार म्हणाला.

प्रश्न मिटला होता. उरली होती कमिटी.

कमिटीत पाच जण आणि त्यांत अर्जुनराव. अर्जुनराव मूळ कुरुळीचेच. ज्या जमिनीवर कंपनी उभी आहे तिचा एक तुकडा त्यांच्या वडिलांचा होता, त्यामुळे गेटमधून आत येताना ते अजूनही बांधावरून आल्यासारखे येत. नवनाथपेक्षा पाच वर्षांनी मोठे, पण भरती एकाच बॅचची, म्हणून यंदाच्या अकरांत तेही. प्रेस शॉपमध्ये दोघं शेजारी-शेजारी होते. मीटिंग साडेतीनला होती आणि त्या आठवड्यात नवनाथची शिफ्ट तेव्हाच सुरू होत होती. म्हणून त्याने गेटबाहेरच्या टपरीवर अर्जुनरावांना गाठलं.

"बाकी काही नको, अर्जुनराव. फक्त एवढं सांगा, नवनाथच्या हाताला जड जमणार नाही. हलका घ्या."

"येवढंच व्हय? आरं, तुजा हात त्यो माजा हात." अर्जुनरावांनी चहाचा ग्लास दुसऱ्या हातात घेतला आणि नवनाथच्या खांद्यावर थाप मारली. "तू बिनघोर डूटीवर जा."

नवनाथ बिनघोर ड्युटीवर गेला.

मीटिंगची हकीकत त्याला नंतर तिघांनी वेगवेगळी सांगितली आणि तिन्ही जुळल्या, तेव्हा ती खरी असावी. कॅन्टीनच्या टेबलावर कॅमेऱ्यांच्या दुकानदाराने नमुन्याला दोन्ही कॅमेरे मांडले होते. संघटनेचे अध्यक्ष चिमाजी मीटिंग चालवत होते. त्यांनी आधी हलका उचलला आणि वर-खाली झुलवून पाहिला.

"पंचवीस वर्सांची नोकरी येवढीच भरती का?"

मग दुकानदाराने यात आरसा नसतो, म्हणून हलका, असं समजावलं. तिथे घात झाला. प्रेस शॉपची माणसं. एखादा पार्ट काढून टाकायचा, तोच माल 'सुधारित' म्हणून विकायचा, ही युक्ती त्यांनी जन्मभर आपल्या हातांनी राबवली होती.

"आरसा कुणी खाल्ला मग?" एकाने विचारलं.

"कॉस्ट कटिंग! आपल्यालाच शिकवतोय का भावा?"

मग जड वाला उचलला गेला. पाचही जणांनी आळीपाळीने तो हातात घेतला, गळ्यात घातला, पोटावर आपटून पाहिला. हा कसा, सत्कारासारखा लागत होता. चिमाजींनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का? अर्जुनराव समोर ठेवलेल्या ढोकळ्याकडे बघत होते. ढोकळ्यात त्या दिवशी काय होतं कोण जाणे; त्यांनी मान वर केली नाही. मग हात वर करायची वेळ आली तेव्हा मात्र केला. जडला.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर इतिवृत्त लागलं. नवनाथने ते डब्यातली भाकरी संपवून, हात धुऊन, चष्मा लावून वाचलं. 'हलका कॅमेरा घ्यावा अशी एकाही सभासदाची सूचना आलेली नाही. सर्वानुमते जड.'

त्याने ते दोनदा वाचलं. दोष शोधायची सवय होती. सापडला, 'एकाही' या शब्दात.

तो एचआरच्या योगिनी मॅडमकडे गेला. मॅडम चांगल्या होत्या. चांगल्या माणसाला नियम पाळताना जितकं वाईट वाटतं तितकं त्यांना वाटलं.

"एकाला वेगळा दिला तर पुन्हा शिलाई मशीन होईल, नवनाथ. तुम्ही तुमच्या प्रतिनिधीला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं."

"मग इथे तसं काहीच नाही." त्यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली; तिथे खरंच काही नव्हतं. "बरं, यंदा सत्कार आणि सुरक्षा सप्ताह एकाच दिवशी, एकाच मांडवात आहे. चार मार्च. तुमचं नेहमीचं भाषण आहेच. कराल ना?"

हे नेहमीचं भाषण म्हणजे कंपनीची परंपरा होती. दर सुरक्षा सप्ताहात नवनाथला व्यासपीठावर उभं करत. तो डावा हात वर करून सांगे, 'माझं लक्ष नव्हतं. एका क्षणाच्या निष्काळजीपणाने माझी तीन बोटं गेली. तुमचं तसं होऊ देऊ नका.' लोक टाळ्या वाजवत. नव्या भरतीची पोरं त्याचा हात बघून दोन दिवस हातमोजे घालत. तेरा वर्षांत भाषणाचा एक शब्द बदलला नव्हता. बदलण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण ते मुळातच खोटं होतं.

सुट्टीच्या दिवशी नवनाथ बस पकडून कुरुळीला गेला. अर्जुनराव अंगणात गाडी धूत होते.

"तुम्ही बोलला नाहीत," नवनाथ म्हणाला.

"बस की. च्या घेतू?"

"एक वाक्य होतं, अर्जुनराव."

"आरं, तुज्याच भल्यासाठी गप ऱ्हायलो. समदी हासली आसती. म्हणली आसती, नव्याच्या बोटांपायी अकरा जणांनी खेळणं गळ्यात घालायचं का? मला न्हाई आवडलं तुला कुनी हासल्यालं."

"कोण हसलं असतं? नाव सांगा."

अर्जुनरावांनी पाण्याची नळी बंद केली. घरातलं कुणी जवळ नाही असं बघून ते हळूच बोलले.

"नव्या, हाताचा विषय निघाला की मागचा विषय निघतू. चिमाजी इचारणार, कसा गेला रं हात? कुनाच्या पाळीत? पुढल्या म्हयन्यात इलेक्शन हाय. मी अध्यक्षाला उभा ऱ्हातोय."

मागचा विषय असा. त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचा. म्हणजे हात बाहेर असल्याची खात्री. अर्जुनराव तोवर त्या लाइनचे सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, झाले होते. टार्गेट गाठायला त्यांनी एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने माल. तासाला साठ नग जास्त. एकसष्टाव्याला नवनाथचा हात आत होता.

दवाखान्यात अर्जुनराव त्याच्या उशाशी बसून ढसाढसा रडले होते. नोकरी जाईल म्हणाले, बहिणीचं लग्न ठरलंय म्हणाले. नवनाथने उजव्या हाताने जबाब लिहिला, 'माझं लक्ष नव्हतं.' पाचर अर्जुनरावांनी अपघाताच्या रात्रीच काढून टाकली होती.

आपण त्या माणसाला वाचवलं, असं नवनाथ चौदा वर्षं समजत होता. आता अंगणात उभं राहून त्याला कळलं की त्या माणसाला तेव्हापासून आपला हात बघवतच नाही. तो हात दिसला की अर्जुनरावांना पाचर दिसते. आणि जो हात बघवत नाही त्याची बाजू कोण मांडणार?

"च्या तरी घे," अर्जुनराव म्हणाले.

"नको. बस येईल."

चार मार्चला मांडव पडला. एका बाजूला 'सुरक्षा आमचा श्वास', दुसऱ्या बाजूला 'पंचवीस वर्षांची सोबत'. अकरा जणांना फेटे बांधले. फेटा, नारळ, शाल आणि खोकं. खोक्यातून काढून कॅमेरा लगेच गळ्यात घालायचा, असं ठरलं होतं, म्हणजे फोटोत दिसेल. अकरा माणसं अकरा सव्वा किलो पोटावर घेऊन ओळीत उभी राहिली. समोर बायका बसल्या होत्या. अंजली नवी साडी नेसून तिसऱ्या रांगेत होती आणि नवरा मान वाकडी करून का उभा आहे, ते तिला कळत होतं.

"आणि आता," योगिनी मॅडम म्हणाल्या, "नवनाथ आपला अनुभव सांगतील."

नवनाथ माइकपाशी आला. मांडव सैलावला, भाषण सगळ्यांना पाठ होतं.

"बोलायच्या आधी सगळ्यांचा एक फोटो काढावा म्हणतो," तो म्हणाला. "नवा कॅमेरा आहे. पण डावा हात साथ देत नाही. कुणीतरी खालून धरावा लागेल. अर्जुनराव, येता?"

टाळ्या पडल्या. दोस्ती म्हणजे काय, असं कुणीतरी म्हणालं. इलेक्शन पंधरा दिवसांवर होतं. अर्जुनराव हसत, फेटा सावरत पुढे आले. नवनाथने त्यांचा तळवा धरून लेन्सखाली नीट बसवला, वजन त्यावर सोडलं आणि डोळा लावला. बारीक चौकटीत सगळी कंपनी मावली. तिसऱ्या रांगेत अंजली. तिच्यात काही दोष नव्हता.

त्याने बटण दाबलं नाही. तसाच, डोळा न काढता, माइकच्या बाजूला तोंड करून बोलायला लागला.

"दरवर्षी मी सांगतो, माझं लक्ष नव्हतं."

"फोटु काढ की," अर्जुनराव दातांतून म्हणाले. "हात भरून आला."

"लक्ष होतं माझं," नवनाथ माइकमध्ये म्हणाला. "त्या प्रेसला दोन बटणं होती. एकात पाचर होती. ती कुणी ठोकली, ते यंदा सांगतो."

लेन्सखालचा तळवा थरथरायला लागला.

"हलू नका, अर्जुनराव," नवनाथ म्हणाला. "फोटो हलतो."