सांध्यातल्या रिंगा

आपल्या भावाच्या कामात खोट निघायची नाही, हे थोरल्या बाईंनी गल्लीत इतक्यांदा ऐकवलं होतं की त्या येताना दिसल्या की शेजारणी दारं लोटून घेत. भाऊ सळईकाम करायचा. पक्कड कायम हातात, म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणत. बाईंच्या घरावर मजला चढत होता, नि त्याच्या सळया अर्थातच पक्कडने बांधल्या होत्या.

काँक्रीट ओतायच्या सकाळी सून वर गेली. ती इंजिनिअर. भूकंपात इमारती कुठे मोडतात ते तपासणं हेच तिचं काम. खांब आणि बीम मिळतात तिथे ती वाकली, ती वाकलेलीच राहिली.

"मामा, खांबाच्या सळयांना आवळणाऱ्या रिंगा सांध्यात नाहीत."

"नाहीत कशा?" पक्कड म्हणाला. "माझ्या हाताने घातल्यात!"

"घातल्यात हो. पण बीमच्या सळयांचा पिंजरा खाली सोडताना सगळ्या घसरल्या. सैल मोजे घोट्याशी गोळा होतात ना, तशा खाली बसल्यात बघा."

"एवढ्याशा जागेत कोण डोकावतंय, सूनबाई?"

"भूकंप डोकावतो. घर हलायला लागलं की सगळी ओढाताण इथेच. रिंगांनी आवळलेला नसला की सांधा तिरका फुटतो. मग खांब धड, बीम धड, आणि आपण ढिगाऱ्यात."

"मग दुसरा माणूस बघा!" पक्कडने तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकलं नि तो शिडी उतरला.

बाईंचं डोकं सणकलं. कालची आलेली, माझ्या माहेरात खोट काढते! बाह्या सरसावून त्या वर चढल्या. "सरक गं. मी दाखवते रिंगा." सळयांमधून त्यांनी हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. हाताला काही म्हणता काही लागेना.

खाली मिक्सर घरघरायला लागला होता. बाईंनी हात काढला, सुनेकडे न बघता झटकला, आणि तिथेच फळीवर बसकण मारली.

"पक्कड! वर ये."

"मी चाललो, ताई."

"जा की. जाताना मिक्सरवाल्याला सांग, ताईसकट ओत म्हणावं."

"अगं, बांधलेलं सोडलं तर लोक हसतील मला!"

"आणि घर बसलं तर? त्यातून वाचले, तर गल्लीला काय तोंड दाखवू मी?"

पक्कड पाय आपटत वर आला. पिंजरा उचलला, सुनेने टेकू धरला. पुटपुटत त्याने रिंग न् रिंग वर घेऊन तारेने आवळली. शेवटी शेवटी तर, "ही जरा वर घेऊ का गं?" असं विचारायलाही लागला.

बाईंनी पुन्हा हात घातला. बोटं गेली, पंजा अडकला.

"ओता आता," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "खोट काढलीस ती काढलीस. पण गल्लीत मी सांगणार, माझ्या भावाचं काम आहे, बोट ठेवायला जागा नाही."

"सांगा की," सून हसली. "आता खरंच आहे ते."