छपराला दार असलेला टाऊन हॉल

मी टाऊन हॉल बोलतोय. उभा राहून बोलतोय, याची कृपया नोंद घ्यावी. कारण आयुष्याची एक्केचाळीस वर्षं मी कपाटावर आडवा पडून काढली आहेत.

माझा जन्म छापखान्यातला. जाड पुठ्ठ्याचे नऊ ताव, त्यांवर माझ्या भिंती, छप्पर, मनोरा, सगळं काळ्या रेषांत छापलेलं. कापा, दुमडा, चिकटवा आणि हवा तो रंग द्या. डब्याच्या झाकणावर मात्र माझं असं देखणं चित्र होतं, की लग्नाच्या फोटोतला नवरदेवही इतका खोटा दिसत नसेल.

मला विकत आणलं एका कपडे शिवणाऱ्या गृहस्थांनी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची लेक तेव्हा आठ वर्षांची होती.

"बाबा, आज करू या?"

"आज गर्दी आहे गं. उद्या नक्की."

आता कपडे शिवणाऱ्याचा 'उद्या' कसा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. गिऱ्हाइकं निदान दुकानात येऊन भांडत तरी. लेक भांडली नाही. ती शिकली, इंजिनियर झाली, लोकांच्या घरांचे नकाशे नापास करायला लागली. मी वर धूळ खात होतो.

मग मास्तरांचे डोळे बिघडले. नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. दुकान बंद झालं आणि मास्तर खुर्चीत बसून पंख्याला नावं ठेवू लागले. एका रविवारी लेक स्टुलावर चढली, मला खाली काढलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचा उद्या आला. दिसतंय तोवर करू या."

सोमवारी ती ऑफिसला गेली आणि मास्तरांना हुक्की आली. ती येईपर्यंत कापून ठेवू! त्यांनी शिवणकामाची मोठी कात्री काढली, दोन ताव एकावर एक ठेवले आणि दाराखिडक्यांसकट एकदमच कापले. कापड दुपदरीच कापतात ना! वरच्या तावावर माझी दर्शनी भिंत होती. खालच्या तावावर छप्पर होतं.

संध्याकाळी लेकीनं पाहिलं, तर माझ्या छपराला एक दार आणि चार खिडक्या!

"बाबा! हे काय केलंत?"

"दुपदरी कापलं. वेळ वाचतो."

"एक्केचाळीस वर्षं थांबले मी! आता कसला वेळ वाचवताय?"

मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली. "खालचा कागद वेगळा आहे, हे दिसलंच नाही गं मला."

लेकीचा राग तिथेच विरला. मला पुठ्ठ्यालाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग ती म्हणाली, "असा नकाशा माझ्या टेबलावर आला असता ना, तर त्या माणसाला आधी चहा पाजला असता आणि मग हाकललं असतं."

"मग टाक चहा," मास्तर म्हणाले. "ठिगळ लावायला मी बसलोय."

तेवढा जाड पुठ्ठा घरात एकच होता, माझ्या डब्याचं झाकण. गेलं माझं देखणं चित्र! लेकीनं सुईत दोरा ओवून दिला आणि मास्तरांनी बोटांनी चाचपत छपरातल्या खिडक्यांवर ठिगळं टाचली. दार मात्र तसंच ठेवलं. म्हणाले, "राहू दे. कोणाला वरून यायचं असेल."

रंगाचं तर बोलायलाच नको. लेकीला दगडी करडा हवा होता, पण मास्तरांना करडा दिसेचना. म्हणून मी लालभडक आहे आणि माझ्या खिडक्या पिवळ्याधमक. माझ्यापेक्षा बँडवाल्याचा कोट बरा.

शनिवारी फक्त मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे उरले. मास्तरांनी ब्रश उचलला, डोळे चोळले आणि ब्रश खाली ठेवला.

"नजर थकली. उद्या नक्की."

लेकीचा चेहरा उतरला. ती नुसतं "बरं" म्हणाली.

सकाळी ती उठून बाहेर आली, तर मास्तर टेबलाशी बसलेले, कोपरापर्यंत काळा रंग. दोन्ही काटे सारखेच वाकडे. किती वाजलेत ते माझं मलाही कळत नाही.

"घे," मास्तर म्हणाले. "शिवून तयार आहे."

लेकीनं मला दोन्ही हातांत घेतलं आणि ती रडली. मला भिजायची भीती वाटली, पण म्हटलं, भिजू दे.

तर मंडळी, हल्ली मी खिडकीत असतो. परत आडवा ठेवायला माझ्या डब्याला झाकणच उरलं नाही, हे उत्तम झालं. तुमच्याही कपाटावर कोणी पडलं असेल, तर त्याला खाली काढा. वाकडंतिकडं कापा, पण आज कापा.

मास्तरांना आता मी दिसत नाही. जाता-येता ते हात पुढे करतात, छपरावरचं दार शोधतात, आत बोट घालतात आणि विचारतात, "आहेस ना रे?"

आहे की. जाणार कुठे?