दोन डिट्रिख

माझी बायको युस्टिना वारली, आणि सहा आठवड्यांनी विनिपेगहून एर्नाचा फोन आला. एर्ना आमच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या मंडळींचं जुनं दफ्तर सांभाळते. युक्रेनमधल्या एका तळघरात सोव्हिएत काळातल्या पोलिसांच्या फायली सापडल्या होत्या.

"काका, काकूंच्या रोझेनफेल्ड गावच्याही आहेत. त्यांच्या वडिलांची आहे. पण दोन आहेत."

दोन्हींवर नाव एकच, डिट्रिख डिट्रिख एन्स. दोघंही शेतकरी, दोघांनाही एकोणीसशे सदतीस साली एकाच आठवड्यात उचललेलं. दोघांच्या बायका मारिया. मुलं तीन-तीन, नावं लिहिलेली नाहीत. एकाला गोळी घातली. दुसऱ्यानं गावातल्या अकरा जणांची नावं लिहून दिली, सुटला, सायबेरियात दुसरा संसार थाटून म्हातारा होऊन मेला.

बाप नेला तेव्हा युस्टिना चार वर्षांची होती. त्याचं काय झालं, एवढंच ती साठ वर्षं विचारत राहिली.

आमच्यात बापाचंच नाव मुलाला ठेवतात, म्हणून गावात सगळं टोपणनावांवर चालायचं. पोलिसांनी ती लिहिली नाहीत. रोझेनफेल्डची आता एकच बाई उरली आहे, वृद्धाश्रमातली आगानेटा मावशी. ब्याण्णव वर्षांची. तिच्याकडे गेलो.

"कुठला डिट्रिख? बदक्या की खिळ्या?"

"म्हणजे?"

"बदक्या बदकासारखा चालायचा. खिळ्या महाचिक्कू, वाकडे खिळे ठोकून सरळ करायचा." मावशी खोकला येईपर्यंत हसली.

"गोळी कुणाला घातली, मावशी?"

"बदक्याला. त्याचा कोट घरी पाठवला होता. मारिया तो धुवायला तयार नव्हती." मग माझ्याकडे पाहिलं. "तुझी बायको कुणाची?"

मला माहीत नव्हतं. सासूबाई नवऱ्याचा विषय काढू देत नसत. एकदा मटार सोलताना युस्टिना आपणहून म्हणाली होती, "बाबांना गावात काय म्हणायचे, सांगू?" आणि हसायला लागली. रेडिओवर हवामान चाललं होतं, कापणीचे दिवस. मी म्हणालो, थांब जरा. मग राहिलंच.

"मावशी, आठवून बघा ना. युस्टिना. लहान होती."

"पोरी सगळ्या पिवळ्या केसांच्या रे. कोण कुणाची, कसं सांगू?" तिनं माझा हात थोपटला. "असा रडवेला काय होतोस? घरी जाऊन तिलाच विचार की. तिला ठाऊक असेल."

मी टोपी उचलली. "विचारतो," म्हणालो.