हिरव्या रंगाखालचे नट

मी एक जुनं ऑईल इंजिन आहे, मित्रांनो. आता बोलायचाही कंटाळा येतो; पण विचारलंत, तर ऐका.

कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत माझा जन्म झाला. मलकापूरजवळच्या मळ्यात मी कैक वर्षं उसाला पाणी पाजलं. मग वीज आली, मोटार बसली आणि मालक आकारामदादांनी मला गावच्या शाळेला देऊन टाकलं. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

वाटलं, आता विसावा मिळेल. कसला विसावा! विज्ञानाचे हंबीरराव गुरुजी पोरांना म्हणाले, "फळ्यावरचं इंजिन लई बघितलं. आता ह्येला खोला!" दर शनिवारी एकाचा नंबर. पान्यानं मला खोलायचं, पुसायचं, परत जोडायचं आणि हँडल मारून चालू करायचं. बोटं चेमटायची, नट हरवायचे, माझं अंग ठणकायचं. पण मी धडधडत धूर सोडला की पोरं नाचायची आणि मलाही बरं वाटायचं.

सातवीतल्या शमशादचा नंबर वर्षाच्या अगदी शेवटच्या शनिवारी होता. पुढची शाळा मलकापूरला. तिथं घरचे तिला धाडणार नव्हते. ती रोज येता-जाता माझ्याकडे टक लावून बघायची.

त्याच आठवड्यात तपासणीचे साहेब यायचे होते. हेडमास्तरांनी मोठ्या हौसेनं मला हिरवा ऑईलपेंट फासला. नटबोल्टही सोडले नाहीत. साहेब एकदम खूश! मला हार घातला.

शनिवारी शमशादनं पाना लावला, तर तो नटावर बसेचना. ती खिळ्यानं रंग खरवडू लागली.

"ए पोरी, रंग घालवतीस व्हय?" हेडमास्तर ओरडले. "साहेब फोटो काढाय परत येणार हाईत!"

"सर, रंग परत लावता येतोय. पोरीचा नंबर परत न्हाय यायचा," गुरुजी म्हणाले.

"शाळेची अब्रू हाय ती. हात लावायचा न्हाय!"

शमशादनं पाना पुसून गुरुजींकडे दिला. "मी चालू केलं असतं की, गुरुजी," एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

तेव्हापासून मला खोलणं बंद; दरवर्षी नवा रंग, दसऱ्याला कुंकू. आत पिस्टन गंजून जागीच चिकटलाय. येणारा-जाणारा म्हणतो, काय राखलंय यंत्र! ऐकून वीट येतो.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणून विनवतात. माझी विनवणी उलटी आहे. तुमच्या शाळेत एखादं यंत्र असेल, तर ते मोडेपर्यंत वापरा. जिचा नंबर असेल, तिच्या हातात पाना द्या आणि रंग खुशाल खरवडू द्या.