दोनशे सतरा नंबरची काच

"कुत्रा!" लिडियाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं वृषाली, इनामदार तिथं एवढी पगडी घालून बसलेत, आणि तुझ्या मशीनला कुत्रा दिसतो?"

स्कॅनिंगचं मशीन चालवणारी वृषाली बिचारी काय करणार! पडद्यावरची हिरवी चौकट इनामदारांना चक्क वगळून त्यांच्या मांडीवरच्या कुत्र्याच्या तोंडाभोवती जाऊन बसली होती. खाली अक्षरं आली होती : 'मान्यवर आढळले. पुढे जायचे?'

"मॅडम, इनामदारांच्या मिशा पार कानापर्यंत गेल्यात. मशीनला तो चेहराच वाटत नाही."

"मग जिल्ह्यातले सगळेच मान्यवर बाद झाले म्हणायचे. त्या काळातला बिनमिशीचा एक माणूस दाखव मला."

नगरच्या त्या सरकारी दप्तरखान्यात छायाचित्रांचा एक कोपरा होता आणि त्या कोपऱ्यात चारशे बारा काचा होत्या. काचा म्हणजे जुन्या काळच्या काचेच्या निगेटिव्ह. हनुमंतराव नावाचा एक फोटोवाला बैलगाडीत कॅमेरा घालून तालुकाभर फिरायचा आणि बड्या लोकांचे फोटो काढायचा. इनामदार, वकील, डॉक्टर, नगराध्यक्ष, सगळे त्याच्यासमोर खुर्चीत बसून गेले होते. त्याच्या माघारी वारसांनी हा सगळा पसारा सरकारला दिला आणि सरकारनं तो लिडिया उजागरे या बाईंच्या ताब्यात दिला. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. बाईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते, आणि नेमकं आत्ताच वरून परिपत्रक आलं होतं. जिल्ह्यातील मान्यवरांचे चेहरे संकेतस्थळावर चढवायचे, मुदत शुक्रवारपर्यंत. चेहऱ्याभोवतीचं बाकीचं मशीन आपोआप कापणार. चेहरा चढला की काचेचं निर्लेखन. निर्लेखन म्हणजे फेकून देणंच, फक्त तीन सह्या करून. त्यातली पहिली सही लिडियाबाईंची.

बाई तापट. त्यांचं एकच वाक्य सबंध कचेरीला पाठ होतं : "हात लावू नका." हे वाक्य त्यांनी तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांना ऐकवलं होतं, शाळेच्या सहलींना ऐकवलं होतं आणि भिंगारच्या घरी नवऱ्याला, पॉलला, ताटातल्या पापडावरूनही ऐकवलं होतं. बोटाचा घाम काचेला लागला की काच गेली, ही त्यांची श्रद्धा. कापडी हातमोजे घातल्याशिवाय एकतीस वर्षांत त्यांनी स्वतः एकाही काचेला हात लावला नव्हता.

"मॅडम," वृषाली दाराकडे बघत हळूच म्हणाली, "आल्या."

दारात भामाबाई उभ्या होत्या. पांढरं पातळ, हातात पिशवी, पायात रबरी चपला. ऐंशी उलटलेली बाई, मिरजगावहून एकटी एसटीनं यायची. म्हाताऱ्या माणसांना एसटी फुकट झाली हे चांगलंच झालं, पण त्याचा सगळा भार आपल्याच टेबलावर का पडावा, असं लिडियाबाईंच्या मनात दर मंगळवारी यायचं. आज पाचवा मंगळवार होता.

"जय भीम, बाई."

"जय भीम, मावशी. बसा. आज काय आठवलं?"

भामाबाईंना त्यांच्या बापाचा फोटो हवा होता. बाप म्हणजे कोंडीराम, श्रीगोंद्याचा. हनुमंतराव फोटोवाल्याच्या हाताखाली होता. कॅमेऱ्याची पेटी वाहायची आणि फोटो काढताना बड्या माणसामागं पडदा धरून उभं राहायचं, हे त्याचं काम. छप्पन्न साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यानं ते काम सोडलं आणि पुढं चार वर्षांत तो वारला. त्याचा स्वतःचा फोटो कुणीच कधी काढला नाही. पण लहानपणी भामाबाईंनी एकदा त्याला एका साहेबामागं पडदा धरताना बघितलं होतं, आणि त्या फोटोत तो कडेला तरी आला असेल, ही त्यांची आशा. नातवानं मिरजगावला नवं घर बांधलं होतं. भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते आणि शेजारी एक खिळा रिकामा ठोकून ठेवला होता. त्या खिळ्यासाठी या फेऱ्या चालल्या होत्या.

पण शोधायचं कसं? नोंदवही मान्यवरांच्या नावानं लावलेली. पहिल्या मंगळवारी भामाबाई म्हणाल्या, "सायेबाला मिशा हुत्या." दुसऱ्या मंगळवारी, "खुर्चीवर बसला हुता." तिसऱ्या मंगळवारी पगडी आठवली आणि चौथ्या मंगळवारी काठी. मिशा, खुर्ची, पगडी, काठी! चारशेच्या चारशे काचांत दुसरं होतं काय? आणि चारही वेळा लिडियाबाईंनी त्यांना एकच सांगितलं होतं. मावशी, मला सगळ्या काचा पाठ आहेत, पडदा धरणारा माणूस एकाही फोटोत नाही.

"आज गाडीत बसल्या बसल्या आटवलं बघा," भामाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "त्याच्या मांडीवर कुत्रं हुतं."

वृषालीचा माऊसवरचा हात थांबला.

"मी तवा पाच-सा वर्सांची असंन. आईसंगं बापाची भाकर घिऊन गेल्ते. वारं लई सुटलं हुतं. पडदा फडाफडा करायचा आन् कुत्रं सारखं मुंडी हालवायचं. फोटोवाला वरडला, 'कोंड्या, ताठ धर! मुंडी खाली!' बाप डाव्या अंगाला हुता."

दोनशे सतरा नंबरची काच टेबलावरच होती. कुत्रा असलेली काच चारशे बारांत एकच. लिडियाबाईंनी उजेडाची पेटी लावली, काच तिच्यावर ठेवली आणि सवयीनं म्हणाल्या, "हात लावू नका. हे बघा, हाच ना तो? मुंडी हलवल्यामुळं कुत्र्याला दोन तोंडं आलीत. आता तुम्हीच बघा मावशी, डावीकडं कुणी नाही. डावीकडं सगळं काळं..."

बाईंची नजर त्या काळ्या पट्टीवर अडकली.

काळं होतं ते कशामुळं, हे त्यांच्याइतकं या जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा हनुमंतरावानं काचांच्या कडांना चिकटवलेले लाल कागद झडायला आले होते. कडेचं नको ते छापलं जाऊ नये म्हणून फोटोवाले कागद लावायचे. तेव्हाचे साहेब म्हणाले, नव्या पट्ट्या लावा. लिडियाबाईंनी चार महिने बसून काळ्या कागदाच्या आठशे चोवीस पट्ट्या कापल्या आणि खळ लावून एकेक चिकटवली. केसभर वाकडी नाही. "पट्टी बघावी तर उजागरेबाईंची," असं साहेबांनी चारचौघांत म्हटलं होतं आणि ते कौतुक बाईंनी एकतीस वर्षं पुरवून पुरवून वापरलं होतं.

त्या पट्ट्यांखाली काय होतं, ते चिकटवताना दिसलं होतंच की! बोटं दिसली होती, पाय दिसले होते. कडेची अडगळ म्हणून दिसली होती. आणि अडगळ झाकण्याचं काम इतकं सुबक झालं की झाकणारीच विसरून गेली. वर या म्हातारीला चार वेळा तोंड वर करून सांगितलं, असा माणूस नाहीच म्हणून.

लिडियाबाईंच्या घरी दिवाणखान्यात त्यांच्या पणजोबांचा फोटो होता. मिशनच्या शाळेतले मास्तर, काळा कोट, हातात बायबल. लहानपणापासून येता-जाता तो चेहरा दिसायचा. एखाद्याच्या घरी असा चेहराच नसतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःचा असा काही राग आला की हातमोज्यातल्या मुठी वळल्या.

"वृषाली, कोमट पाणी आण. आणि कापूस. कपाटातली ती हाडाची सुरी पण आण."

पट्ट्या काचेच्या उलट्या बाजूला होत्या, त्यामुळं चित्राला धोका नव्हता. तरीही बाईंनी श्वास रोखून काम सुरू केलं. एवढ्यात कचेरीचे प्रमुख ढाकणेसाहेब डोकावले. माणूस वाईट नव्हता, पण परिपत्रकापलीकडं त्यांना दिसत नसे.

"मॅडम, पट्टी का काढताय? मान्यवर पट्टीच्या आत आहेत."

"आतले झाले बघून, साहेब. आता बाहेरचे बघतेय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "शुक्रवार आहे हं," म्हणाले आणि गेले.

पट्टी सुटायला वीस मिनिटं लागली. खळ कसली, सिमेंटच निघाली. बाईंची पाठ भरून आली, आणि चांगली लावली होती म्हणून आज पहिल्यांदाच त्यांना पश्चात्ताप झाला. शेवटी पट्टी वर आली. खालून पडद्याची किनार निघाली. किनारीवर, वरच्या टोकाला, पडदा आवळून धरलेली बोटं होती. आणि पडद्याच्या खाली जमिनीवर घट्ट रोवलेले दोन अनवाणी पाय.

एवढंच.

भामाबाई चष्मा सावरून वाकल्या. वरून खाली बघितलं, मग खालून वर.

"तोंड कुटं हाय?"

लिडियाबाईंनी पडद्याच्या वरच्या कडेकडं बोट केलं. "पडद्यामागं आहे, मावशी. फोटोवाल्यानं मुंडी खाली करायला लावली ना. डोकं वर दिसू नये म्हणून."

भामाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला. पाच मंगळवार, दर खेपेला दीड-दीड तासाची एसटी, आणि शेवटी हे. लिडियाबाईंना वाटलं, हिनं आता ओरडावं, भांडावं, निदान रडावं तरी. वृषाली उगाच पाण्याचं भांडं इकडचं तिकडं करत होती.

मग भामाबाई आणखी वाकल्या.

"करंगळी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"करंगळी बगा की, अर्दीच हाय. मोटेच्या नाड्यात गावली हुती, वरचं पेर तुटलं. मला त्याच हातानं धरून न्यायचा." त्यांनी आपली करंगळी वर धरली. "त्योच हाय, बाई. माजा बाप हाय ह्यो."

खरंच, चार बोटांतलं शेवटचं बोट मध्येच संपलं होतं. लिडियाबाईंनी भिंग धरून बघितलं आणि त्यांना भिंगातून नीट दिसेना. त्यांनी डोळे पुसले. हातमोज्यांनीच पुसले.

"पर येवडा गोरा कसा?" भामाबाईंनी विचारलं. "बाप तर माज्यावानी काळा हुता."

"निगेटिव्ह आहे ना, मावशी. यात उलटं दिसतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं."

"मंग सायेबाचं तोंड काळं पडलंय, त्ये त्यामुळंच व्हय?"

"त्यामुळंच."

भामाबाई हसल्या. ओल्या डोळ्यांनी, बोळक्या तोंडानं मनापासून हसल्या. "बरं दिसतं की मंग ह्यात," म्हणाल्या. आणि हसता हसता त्यांनी हात पुढं केला आणि आपलं बोट काचेवर, त्या तुटक्या करंगळीवर टेकवलं.

वृषालीनं दचकून लिडियाबाईंकडं पाहिलं. बाईंचे ओठ हलले. पण वाक्य काही बाहेर आलं नाही.

आता प्रत काढायची होती. वृषालीनं काच मशीनमध्ये घातली. मशीननं हात कापले, पाय कापले, इनामदारांनाही कापलं आणि पुन्हा कुत्रा पुढं केला. "मेलं हे मशीन!" लिडियाबाई कडाडल्या. "वृषाली, मोबाईल काढ तुझा." कचेरीत मोबाईलला बंदी होती आणि ती बंदी बाईंनीच घालून घेतली होती. त्यांनी कपाटातून काळा कागद काढला, पट्टीपेक्षा चांगला रुंद कापला, सरळ, केसभर वाकडा नाही, आणि इनामदारांवर धरला. "ह्यांना झाकू या. फक्त हात आणि पाय येऊ देत."

"नका झाकू," भामाबाई म्हणाल्या.

"अहो मावशी, तुमच्या घरात भिंतीवर हा इनामदार कशाला?"

"असू द्या. झाकाझाकी लई झाली. त्यो मदी असंल तरच कळंल ना, बाप माजा तितं कशापायी उबा हुता त्ये." मग पुन्हा काचेकडं बघून म्हणाल्या, "कुत्र्यालाबी ऱ्हाऊ द्या."

लिडियाबाईंनी कागद खाली ठेवला. वृषालीनं फोटो काढला, मोबाईलमध्ये उलटा करून घेतला आणि छापला. कागदावर इनामदार गोरे झाले आणि ती बोटं काळी झाली. "आता आपला रंग आला," असं म्हणत भामाबाईंनी कागद वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत उभा ठेवला, घडी न घालता.

तोवर ढाकणेसाहेब पुन्हा आले. "झालं का? दोनशे अठरा घ्या."

"एक नंबरपासून घेणार आहे, साहेब. सगळ्या पट्ट्या काढून."

"आठशे पट्ट्या? मॅडम, तुम्ही पाच महिन्यांत निवृत्त होताय!"

"एका पट्टीला वीस मिनिटं. मी हिशेब केलाय, पुरतील. तोवर निर्लेखनावर माझी सही होणार नाही. वर कळवा."

साहेब काही बोलणार होते. पण बाईंचा चेहरा बघून, काय कळवावं याचा विचार करत ते परत गेले.

दरम्यान बाईंनी उजवी पट्टीही काढली होती. तिथंही बोटं होती, पूर्ण चार. तिथंही अनवाणी पाय होते. त्यांनी नोंदवही उघडली आणि इनामदारांच्या नावाखाली लिहिलं : 'डावीकडे – कोंडीराम, श्रीगोंदा.' मग विचारलं, "मावशी, उजवीकडचा कोण?"

भामाबाई दारात थांबल्या. बराच वेळ आठवत राहिल्या. "दोगं असायचे खरे. पर न्हाई आटवत, बाई. आटवलं की सांगाया यीन."

"या," लिडियाबाई म्हणाल्या. "मंगळवारीच या. पण जेवायच्या सुट्टीत येऊ नका."

भामाबाई गेल्यावर त्यांनी 'उजवीकडे' असं लिहून पुढची ओळ मोकळी सोडली. मग दोनशे सतरा नंबरची काच पाकिटात घालायला उचलली आणि उजेडासमोर धरली. तुटक्या करंगळीच्या टोकाशी, जिथं पेर असायला हवं होतं तिथं, भामाबाईंच्या बोटाचा ठसा उमटला होता. रेघ न् रेघ स्पष्ट.

बाईंनी कापूस उचलला, ओला केला. थोडा वेळ तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. मग कापूस बाजूला ठेवला आणि काच होती तशी पाकिटात घातली.

"वृषाली," त्या म्हणाल्या, "एक नंबर आण. आणि हातमोजे घाल आधी."