बर्फात कोंबलेला सोनेरी काठाचा पेला

खरं सांगतो मित्रांनो, हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. पेल्याची तक्रार कोण वाचणार? पण परवाच्या कर्मिसच्या, म्हणजे इथल्या बेल्जियन लोकांच्या सुगीच्या जत्रेत जे झालं, ते आठवलं की अजून काच तापते माझी.

मी बेल्जियमचा एक जुना पेला. पाय आखूड, पोट मोठं, काठाला सोन्याची रेघ. तिकडच्या मठातले साधू काळपट, दाट बिअर करतात, ती माझ्यातूनच प्यायची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा नॉर्बर्ट आपल्या आजोबांचं गाव बघायला तिकडे आला, तेव्हा त्याच्या चुलतभावाने मला त्याच्या हातात दिलं. "पाण्याने विसळ, ओत, पी. बस्स."

आणि इथे आणून माझ्यात भरलं काय? बटणं! नॉर्बर्टच्या बायकोची शिवणातली बटणं! वर्षानुवर्षं! तेही सोसलं.

मग गावातल्या कोलेटने जुन्या चीज कारखान्यात तीच मठातली बिअर करायला घेतली. सगळे हसले. इथे सगळे पिवळी, पाण्यासारखी पिणारे. ती नॉर्बर्टला म्हणाली, "काका, खरी चव फक्त तुमच्या जिभेला ठाऊक. कर्मिसला चाखा. तुम्ही नाही म्हणालात, तर अख्खी टाकी गटारात सोडते आणि मीपण पिवळीच करते."

बटणं निघाली. मला घासूनपुसून चकाचक केलं. काय ऐट होती माझी! आणि नॉर्बर्टचा मेव्हणा वेन, आमच्या गावचा बारवाला, त्याने मला उचलून थेट फ्रीझरमध्ये कोंबलं. मानाच्या पाहुण्याला बर्फ धरलेल्या पेल्यातच द्यायची, ही यांची रीत. मान म्हणे! अरे, गारठ्यात तुमचं नाक बंद होतं, मग बिअरचा वास कसा सुटेल?

जत्रेत बूयाची, म्हणजे कोंबडीच्या दाट सुपाची, कढई रटरटत होती. कोलेटने ओतली. फेस धड आलाच नाही. नॉर्बर्टने घोट घेतला.

"कशी आहे, काका?"

"गार आहे." मग हळूच, "पोरी, बाकी काही लागतच नाही गं."

कोलेटने किल्ल्या उचलल्या आणि कारखान्याकडे निघाली. मी आतल्या आत ओरडत होतो, तिची नाही चूक, माझ्या अंगात बर्फ आहे!

नॉर्बर्टला मात्र काही टाकवत नाही. मला कढईजवळ ठेवून त्याने वाडगाभर बूया खाल्लं. तोवर माझ्या अंगातला बर्फ उतरला होता. मग उरलेली बिअर संपवायला त्याने मला दोन्ही हातांत धरलं. नाक आत घातलं आणि थांबला. मनुका. पावाची भाजलेली कड. लवंग.

"वेन! पेला कुठे ठेवला होतास?"

"फ्रीझरमध्ये! तुमच्यासाठी खास, दाजी!"

"अरे गाढवा, तो विसळायचा असतो!"

"आणि बटणं ठेवायची असतात, नाही का?"

लोक खो खो हसले. नॉर्बर्ट मला छातीशी धरून पळत सुटला, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, शर्टभर सांडत. कोलेटचा हात टाकीच्या तोटीवर होता.

"थांब पोरी! हीच ती! घे, वास घे."

तिने घेतला. ओल्या फरशीवरच बसली. "काका," ती डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या मेव्हण्याला आधी या टाकीत बुडवते."

मित्रांनो, हातातली वस्तू कशासाठी केलीय, एवढं तरी विचारत जा. नुसत्या मानाने आमचा जीव जातो.

आणि नॉर्बर्ट, दोस्ता, तू पळालास म्हणून तुला शब्द देतो. बटणं पुन्हा भरलीस तरी चालेल. पण वेनने परत मला बर्फात घातलं, तर त्याच्याच हातात तडकेन. तुझ्या ओठांना मुकी बिअर पुन्हा लावणार नाही.