तीस दिवसांचा शिक्का

कमरजहाँला एवढंच हवं होतं, की तीस दिवस झाले की कोणीतरी तिला हाकलून द्यावं. ते कोणीतरी सरकार असलं तर फारच बरं. सरकारशी लेकीला भांडता येत नाही, आणि आईवर बोल येत नाही.

ही गोष्ट तिने कोणाजवळ तोंडातून काढली नव्हती. काढण्यासारखी ती नव्हतीच. धाकट्या लेकीचं, उजमाचं, पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे ते माहेरी, जुन्नरला व्हायचं. पण उजमा नवऱ्याबरोबर आखातात. तिची वार खाली असल्याचं सोनोग्राफीत दिसलं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानाला साफ मनाई केली. ऑपरेशनची तारीखसुद्धा देऊन टाकली. आता लेक येऊ शकत नाही तर आई जाणार, ह्यात विचारायचं काय? कोणी विचारलंही नाही. पासपोर्ट उमऱ्याच्या वेळी काढलेला होताच.

त्या देशाचं नाव इथे मुद्दामच सांगत नाही. असले नियम महिन्यागणिक बदलतात, आणि गोष्टीच्या भरवशावर तिकीट काढून विमानतळावर रडत बसणारे लोकही आपल्यात कमी नाहीत. तर त्या वेळी तिथे असं होतं: उतरल्यावर काउंटरवर शिक्का मारून घेतला तर तीस दिवस, आणि इथूनच अर्ज करून व्हिसा नेला तर साठ. दोन्ही टुरिस्टचेच. तीसचा पुढे वाढवून मिळत नव्हता.

आणि बाळंतिणीचे दिवस असतात चाळीस. त्याला चिल्ला म्हणतात. चाळीस दिवस बाळंतिणीने चुलीकडे बघायचं नाही, आणि तिच्या आईने चुलीकडून हलायचं नाही. पहाटे शेगडी पेटवायची, आईची मालिश, बाळाची मालिश, दोघांचं न्हाण, धुरी, सहाणेवर घुटी उगाळायची, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, लंगोटांची रास, आणि बाळ बघायला येणाऱ्यांचा चहा. चाळिसाव्या दिवशी लेकीच्या डोक्यावरून शिकेकाईचं न्हाण घालायचं, ते आईनेच. मग तिचं बाळंतपण संपलं. तिसाव्या दिवशी बॅग उचलून निघालेली आई जुन्नरच्या पेठेत अजून कोणी पाहिली नव्हती.

कमरजहाँने आतापर्यंत अकरा बाळंतपणं केली होती. नणंदेची दोन, जावेची तीन, बहिणीची दोन, थोरल्या लेकीची, समरीनची तीन, आणि सुनेचं एक. अकरा चाळीस चारशे चाळीस. म्हणजे वर्षाच्या वर ती नुसती शेगडीपुढे बसली होती. एरवी ती बसायची गादीपुढे. नवरा वली गादीवाला. मढपासून निरगुडसरपर्यंत लग्नात लेकीबरोबर जाणाऱ्या गाद्या त्याच्या दुकानातून जायच्या. कापूस पिंजायला मशीन आलं, पण भरलेल्या गादीला दाभणाने टाके घालायला मशीन आलं नाही. तिथे कमरजहाँच होती.

तिच्या स्वतःच्या बाळंतपणांचं म्हणाल, तर उजमाच्या वेळी तिची आई आदल्याच वर्षी गेलेली, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि ऐन लगीनसराई. बाराव्या दिवशी ती उठली आणि दाभण हातात घेतलं. चाळिसाव्याचं न्हाण राहिलंच. हे ती पुढे हसत हसत सांगायची, "ह्या बयेपायी बाराव्या दिवशी उठले मी," आणि उजमा लहानपणापासून ते ऐकून हसायची.

आता एकसष्टाव्या वर्षी तिला सकाळी उठल्यावरच संध्याकाळ झाल्यासारखं वाटे. दुखणं म्हणावं तर एकही धड नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात तपासून घेतलं, सगळं ठीक. तिला आपलं एखादं मोठं दुखणं निघावं असं वाटत होतं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. दमले म्हणून कोणी रजा देत नाही, त्याला चिठ्ठी लागते.

म्हणून ती एकटीच विपुलच्या दुकानात गेली.

विपुलचं दुकान म्हणजे मूळचं त्याच्या वडिलांचं, भंवरलालशेठचं भांड्यांचं दुकान. अर्ध्यात अजून पातेली आणि कुकर. उरलेल्या अर्ध्यात काच लावून विपुलने तिकीट, पासपोर्ट, व्हिसाचा धंदा टाकलेला. कुकरची शिट्टी घ्यायला आलेला माणूस दुबईची चौकशी करून जायचा. भंवरलालशेठ गल्ल्यावर माळ ओढत बसलेले होते. त्यांनी मान हलवून तिला बाकावर बसायला सांगितलं.

"या चाची," विपुल म्हणाला. "माझं ऐका, हितूनच काढून जा. आठ दिवसांत येतोय. उतरल्यावर तिथं लायनीत उभं राहायची कटकट नाय."

"आणि उतरल्यावर घेतला तर?"

"तीसच दिवस भेटत्यात. आणि काउंटरवरचा इचारणार, कशाला आला? तर सांगायचं, फिरायला."

"मी?"

"टुरिस्ट म्हटल्यावर फिरायलाच की चाची."

कमरजहाँला हसू आलं. सगळं आयुष्य शिवनेरीच्या पायथ्याशी गेलं, पण वर ती एकदाच गेली होती, चौथीत, शाळेच्या सहलीला. तेव्हाही धाकट्या भावाला कडेवर घेऊन.

"तीसचाच कर," ती म्हणाली.

विपुलने मान वर केली. "अवो, साठचा निघतोय की! चिल्ल्याला चाळीस लागत्यात, मलाबी ठाव हाय. उद्या उजमाताई मला शिव्या घालंल."

"तीसचा म्हणजे तीसचा. परतीचं तिकीट पण तीसच्या आतलं. आणि साठचा निघतो ते घरी बोलू नको."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या लग्नातल्या सगळ्या गाद्या हिच्या हातच्या होत्या, जास्त विचारायची त्याची छाती झाली नाही. "बरं," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर तिला फार हलकं वाटलं. पेठेतून चालता चालता तिने कधी नव्हे ते दोन केळी घेतली आणि मशिदीच्या कोपऱ्यावर उभ्याउभ्या एक खाल्लं. दुसरं खाताना लेकीची आठवण झाली. मग ते तिने तसंच पिशवीत टाकलं. आपण आई आहोत की कोण, असं तिला वाटलं. पण ती परत दुकानाकडे वळली नाही.

आता विपुलची एक पद्धत होती, आणि ती कमरजहाँला माहीत असायचं कारण नव्हतं, कारण तिच्याकडे बटणांचा फोन होता. प्रत्येक प्रवाशाचा तो व्हॉट्सॲपवर एक ग्रुप करायचा आणि त्यात घरच्या सगळ्यांना घालायचा. ह्याला कारण भंवरलालशेठ. गिऱ्हाइकाला जे सांगितलं ते लिहून ठेव, नाहीतर उद्या ते म्हणेल सांगितलंच नव्हतं, ही त्यांची शिकवण. चाळीस वर्षं ती वहीत होती, आता ती मोबाईलमध्ये आली. विपुलने 'घरी बोलणार नाही' हे मनापासून कबूल केलं होतं, आणि जेवायला जाण्याआधी सवयीने बोटं चालवली:

"कमरजहाँ चाची प्रवास. व्हिसा उतरल्यावर, ३० दिवस. ६० दिवसांचा आधी काढता येतो हे चाचींना समजावून सांगितले आहे. चाचींनी ३० चाच सांगितला आहे. सर्वांनी नाव व जन्मतारीख तपासून ओके लिहावे."

ओके कोणीच लिहिलं नाही.

कमरजहाँ घरी गादीला टाके घालत होती, तेवढ्यात वली फोन हातात घेऊन आला. चष्मा कपाळावर, तोंड उघडं. त्याने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. दाभण तसंच गादीत राहिलं.

मग फोन सुरू झाले. पहिला शाहनवाजचा, तिचा मुलगा, चाकणला कंपनीत. वलीने स्पीकर लावला.

"अम्मी, हे काय लावलंय? साठचा भेटतोय तर तीसचा कशाला? चिल्ल्यातून उठून आली म्हणून लोक काय म्हणतील?"

"मग लोकांनाच पाठव," कमरजहाँ म्हणाली.

त्याचा फोन ठेवला तोवर मंचरहून समरीन. ती तर रडायलाच लागली. "माझ्या तिन्ही वेळंला चाळीस चाळीस दिवस केलंस तू. उजमानं तुझं काय घोडं मारलं गं?"

 उजमाने काहीच मारलं नव्हतं. तिचा नंबर शेवटचा लागला, एवढाच तिचा गुन्हा. समरीनची आई आणि उजमाची आई ह्या आता दोन वेगळ्या बायका होत्या, पण हे फोनवर कसं सांगणार? कमरजहाँने "बघू" म्हटलं आणि फोन ठेवायला लावला.

"मला विचारशील तर," वली सुरू झाला.

"न्हाई विचारत."

उजमाचा फोन मात्र आला नाही. वलीने दोनदा बघितलं. तिने मेसेज वाचलेला होता. दुपार अशी गेली की विचारू नका. कमरजहाँने मनात कारणांची फौज उभी केली. गुडघे. वलीची साखर. लगीनसराईच्या गाद्या. तिकडची उष्णता. शाहनवाजच्या पोराची परीक्षा. एकेक कारण ती उलटून पालटून बघत होती, आणि एकही आईच्या तोंडी शोभत नव्हतं. पलीकडे सहाण आणि डब्यांनी भरलेली बॅग उघडी पडली होती. बाळंतशोपा, डिंक, खारीक, सुंठ, वेखंड, आणि वर शिकेकाईची पुडी. त्या पुडीकडे बघवेना, म्हणून तिने त्यावर ओढणी टाकली.

उन्हं कलली, असरची अजान झाली आणि फोन वाजला. वलीने तिच्या हातात दिला आणि तो मशीनकडे निघून गेला. एवढी समज त्याला होती.

"अम्मी, जेवलीस?" उजमा म्हणाली.

"जेवले. तू?"

"जेवले."

 मग कमरजहाँनेच सुरुवात केली. गुडघे सांगितले. वलीची साखर सांगितली. गाद्या सांगितल्या. परीक्षेपर्यंत आली तेव्हा तिचा स्वतःचाच आवाज तिला खोटा वाटायला लागला, आणि ती मध्येच थांबली. पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.

"अम्मी," उजमा हळूच म्हणाली, "तू दमलीस का गं?"

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात हे कोणी विचारलं नव्हतं. दमली असशील, जरा बस, असं म्हणणारे होते. पण ते म्हणून झाल्यावर त्यांनी चहा मागितला होता. कमरजहाँने जमवलेल्या फौजेत ह्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिने गादीत अडकलेलं दाभण उपसून बाजूला ठेवलं.

"व्हय," ती म्हणाली. "लई दमले गं, उजू. तुझ्यावर माया न्हाई असं न्हाई. पण अंगात आता चाळीस दिवस ऱ्हायलेच न्हाईत."

 दिवस भरत आलेल्या पोरीला हे सांगायचं असतं का? ती 'तसं नव्हे' म्हणणार, तोच उजमा नाक ओढत म्हणाली, "मग तीसच. मी ग्रुपवर ओके लिहिते."

"आणि पुढचे दहा दिवस?"

"त्यांना सुट्टी घ्यायला लावते. पोर त्यांचंबी हाय की. शेजारीण आहे, केरळची, फार चांगली आहे. होतंय अम्मी."

"आणि चाळिसाव्याचं न्हाण? ते आईनंच घालायचं असतंय."

"निघायच्या आदल्या दिवशी घाल."

"तसं नसतंय उजू. चाळीस म्हणजे चाळीस."

"तुझं तर अजून झालंच नाही," उजमा म्हणाली. "माझ्या वेळचं. एकतीस वर्षं झाली. मी लहान होते, तू सांगायचीस आणि मी येड्यासारखी हसायचे. आता इथं पडून पडून ते सारखं डोक्यात येतंय. माझ्या डोक्यावर पाणी घालून झालं ना, की तू बसायचं पाटावर. मी घालणार."

  फोन कानाला तसाच धरून कमरजहाँ गादीवर, दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नाच्या कोऱ्या गादीवर, कलंडली. त्रेचाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या गादीवर ती कधी टेकलीसुद्धा नव्हती. पलीकडून उजमा "अम्मी? अम्मी?" करत राहिली, आणि ती नुसतं "हां, हां" म्हणत राहिली.

थोड्या वेळाने ती उठली. तोंड धुतलं. बॅगेवरची ओढणी काढली आणि स्वयंपाकघरातून शिकेकाईचा डबा घेऊन आली. वली मशीन बंद करून दारात उभा होता. जाऊन जवळ बसावं की नको, हे त्याला ठरवता येत नव्हतं. त्याने बघितलं, की पुडी बॅगेत होतीच, तरी ती कागदावर आणखी शिकेकाई काढून घडी घालते आहे.

"दोन कशाला?" त्याने विचारलं.

"एक माझी," कमरजहाँ म्हणाली.